परदेशात निघालाय? आधी चार्जर उलटा करून एक ओळ वाचा

‘दादा, दुबईला चाललोय. आपला चार्जर तिकडं चालतो का?’ शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या पोरांकडून मला हा प्रश्न नेहमी येतो. दुबईच्या जागी कधी जर्मनी असते, कधी सिंगापूर. कधी ‘आईबाबांना ताईकडं अमेरिकेला पाठवायचंय, काय काय देऊ?’ असं असतं. रांजणगाव एमआयडीसीत काम करणाऱ्यांचं कधी कोरियाला ट्रेनिंग निघतं, दौंडमधून कुणी उमऱ्याला जातं. जाण्याची कारणं वेगळी, पण सगळ्यांना अडचण एकच येते. तिकडच्या भिंतीतली भोकं आपल्या पिनेला ओळखत नाहीत.

वरवर पाहता प्रश्न छोटा आहे. पण आज तुमच्या फोनमध्ये काय काय असतं ते आठवा. बोर्डिंग पास, व्हिसाची प्रत, राहण्याचा पत्ता, न्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर, बँकेचा ओटीपी येणारं सिम. अनोळखी देशात उतरल्यावर फोन बंद पडला, तर ‘एक फोन लावतो’ इतकंही करता येत नाही. सुरक्षा तपासणीतही उपकरण सुरू करून दाखवा असं सांगितलं जाऊ शकतं, तिथं मेलेला फोन कामाचा नाही. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आईवडिलांसाठी तर फोन हाच एकमेव दुभाषी आणि वाटाड्या असतो.

आधी थोडक्यात उत्तर सांगतो. मोबाइलचा चार्जर जवळपास सगळ्या जगात चालतो, फक्त पिनेचा आकार बदलावा लागतो. मिक्सर, इस्त्री, किटली यांचं मात्र तसं नाही. हा फरक का आहे आणि तो घरबसल्या कसा ओळखायचा, ते आता नीट बघू.

एकच शब्द, तीन वस्तू

दुकानात जाऊन ‘ॲडॅप्टर द्या’ म्हटलं की गोंधळ सुरू होतो, कारण आपण तीन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो.

• पहिली वस्तू म्हणजे फोनसोबत येणारी चार्जरची डबी. ती भिंतीतल्या विजेचं रूपांतर फोनला चालणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसी विजेत करते.

• दुसरी म्हणजे ट्रॅव्हल ॲडॅप्टर, काही जण याला मल्टिप्लग म्हणतात. हा फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेज जेवढं आत येतं, तेवढंच बाहेर जातं. आत साध्या पितळेच्या पट्ट्या असतात, बाकी काही नाही.

• तिसरी वस्तू व्होल्टेज कन्व्हर्टर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. हा खरोखर ११० चे २३० किंवा २३० चे ११० व्होल्ट करतो. मोठ्या वॉटचा असेल तर चांगला जड असतो आणि विमानाच्या बॅगेत वजन खातो.

आता गंमत अशी की बऱ्याच दुकानांत दुसऱ्या वस्तूलाच ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. नावावर विश्वास ठेवून त्यात अमेरिकेत मिक्सर लावला, की व्होल्टेज काही बदलत नाही. म्हणून नाव सोडा आणि वस्तूवर काय छापलंय ते वाचा.

चार्जरवरची ती ओळ

चार्जर उलटा करा. अक्षरं बारीक असतात, म्हणून फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा करा. ‘इनपुट’ या शब्दापुढं बहुतेक चार्जरवर असं छापलेलं असतं: १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ.

याचा अर्थ १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कुठलंही व्होल्टेज दिलं तरी हा चार्जर काम करेल. आपल्याकडं घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर फक्त १०० व्होल्ट, आणि तिथं टोकियोकडच्या भागात ५० हर्ट्झ, ओसाकाकडं ६० हर्ट्झ. हे सगळे आकडे त्या एका ओळीत बसतात. ही ओळ असेल तर तुम्हाला फक्त आकार बदलणारा स्वस्तातला ट्रॅव्हल ॲडॅप्टर पुरतो, कन्व्हर्टरची गरज नाही.

त्याऐवजी नुसतं ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ किंवा ‘२२०–२४० व्होल्ट’ छापलं असेल, तर ती वस्तू अमेरिका, कॅनडा, जपानसाठी नाही. दुबई, इंग्लंड, जर्मनी, सिंगापूर इथं व्होल्टेज आपल्यासारखंच असल्यानं तिकडं ती चालू शकते. फक्त पिन आणि वॉट बघावे लागतात.

फोनचा, लॅपटॉपचा, कॅमेऱ्याच्या बॅटरीचा, इअरबड्सचा, प्रत्येकाचा चार्जर असा तपासा. एक चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही.

वस्तीवरचा मंद बल्ब आणि रेल्वेतला चार्जिंग पॉइंट

१०० ते २४० म्हणजे एवढी मोठी रेंज कशी काय चालते, असा प्रश्न पडला असेल. खरं तर याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे, फक्त तसा विचार केलेला नसतो.

घोड किंवा भीमेच्या काठच्या एखाद्या वस्तीवर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बघा. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की घरातलं व्होल्टेज पडतं. जुना पिवळा बल्ब मिणमिणतो, पंख्याची पाती मोजता येतील इतका तो हळू फिरतो. पण कोपऱ्यात लावलेला मोबाइल निवांत चार्ज होत असतो. त्याला काहीच फरक पडलेला नसतो.

दुसरं उदाहरण दौंड जंक्शनवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं. डब्यात सीटजवळ मोबाइल चार्जिंगचा जो पॉइंट असतो, तो साधारण ११० व्होल्टचा असतो. बऱ्याच डब्यांत तसं लिहिलेलंही असतं. म्हणजे दौंडहून मुंबईला जाताना तुम्ही गाडीत फोन चार्ज केला असेल, तर तुमचा चार्जर अमेरिकेच्या आसपासच्या व्होल्टेजवर आधीच चालून दाखवलाय! आणि त्या पॉइंटला इलेक्ट्रिक किटली लावायला रेल्वेची मनाई आहे. किटली भरपूर करंट खेचते आणि तो पॉइंट तेवढ्यासाठी बनवलेला नाही.

आत नक्की घडतं काय?

जुन्या काळचे चार्जर जड असायचे. आत लोखंड आणि तांब्याच्या तारांचा ट्रान्सफॉर्मर असायचा. त्याचं गणित ठरलेलं असतं: आत २३० दिले तर बाहेर ठरावीक व्होल्ट येतील, आत निम्मे दिले तर बाहेरही निम्मेच.

आजच्या चार्जरची पद्धत वेगळी आहे. तो आधी भिंतीतल्या एसी विजेची डीसी करतो. २३० व्होल्ट एसीपासून साधारण ३२५ व्होल्ट डीसी मिळते, १२० पासून साधारण १७०. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि एका छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पुढं पाठवतो. बाहेर बरोबर ५ किंवा ९ व्होल्ट येतायत का, यावर एक सर्किट सतत लक्ष ठेवतं. कमी पडले तर स्विच जरा जास्त वेळ चालू ठेवतं, जास्त झाले तर कमी वेळ.

शेतातलं उदाहरण घ्या. पाइपातल्या पाण्याचा दाब कमी-जास्त होतोय, पण टाकीत मिनिटाला ठरावीकच पाणी पडायला हवं. कॉकपाशी एक माणूस बसवला, दाब कमी झाला की तो कॉक जास्त वेळ उघडा ठेवतो, दाब वाढला की कमी वेळ. टाकीला दाब बदलल्याचा पत्ताही लागत नाही. चार्जरच्या आत तो माणूस बसलेला आहे, आणि तो सेकंदाला हजारो वेळा कॉक फिरवतो. आधी एसीची डीसी करून टाकत असल्यामुळं ५० हर्ट्झ की ६० हर्ट्झ, यानंही त्याला फरक पडत नाही.

मिक्सर, इस्त्री आणि आजीचा नेब्युलायझर

बल्ब आणि पंख्याकडं हा कॉकवाला माणूस नाही. इस्त्री, किटली, पाण्याचा रॉड, केस सरळ करायचं मशीन यांच्याकडंही बहुधा नसतो. त्यांच्यात तापणारी तार असते आणि तिचा हिशेब कडक आहे: व्होल्टेज निम्मं झालं तर ताकद निम्मी नाही, पाव होते.

२३० व्होल्टची १००० वॉटची किटली अमेरिकेत १२० व्होल्टला लावली, तर ती फक्त २७० वॉटच्या आसपास ताकद देते. चहाचं पाणी पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी तापेल. उलट प्रवास त्याहून वाईट. अमेरिकेतल्या ताईनं प्रेमानं पाठवलेला १२० व्होल्टचा १५०० वॉटचा हेअर ड्रायर आपल्याकडच्या २३० व्होल्टला नुसता पिन बदलून लावला, तर तो साडेपाच हजार वॉट खेचायला जातो. म्हणजे काही क्षणांत धूर.

माझ्या मावशीला लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं होतं. बॅगेत घरचा मिक्सर भरलेला. म्हणाली, ‘अरे, वाटण तर लागणारच की!’ मी मिक्सर उलटा करून दाखवला, २३० व्होल्ट लिहिलेलं. ‘अगं मावशी, तिकडं हा नुसता गुरगुरंल, खोबरं काही वाटायचा नाही.’ मिक्सर घरी राहिला आणि त्याच्या जागी मेतकूट, लाडू गेले. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत तिथल्या ११० व्होल्टवर चालणारे आपल्या पद्धतीचे मिक्सर मिळतात, लेकीनं तिथूनच घेतला.

एका वस्तूबद्दल मात्र खास काळजी घ्या: औषधोपचाराची मशीन. घरी मिळणारे बरेचसे कॉम्प्रेसरवाले नेब्युलायझर फक्त २३० व्होल्टचे असतात. आजी-आजोबा अमेरिकेला निघाले असतील, तर मशीनवरची ओळ महिनाभर आधी वाचा. डॉक्टरांना विचारून बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारं मशीन घेता येतं, किंवा तिकडच्या मुलांना तिथलं आणून ठेवायला सांगता येतं. झोपेत श्वासासाठी वापरतात त्या सीपॅप मशीनचा ॲडॅप्टर बहुधा १००–२४० चा असतो, तरी तोही तपासा. फोन एक दिवस बंद राहिला तर गैरसोय होते, दम्याचं मशीन चाललं नाही तर जिवाशी गाठ असते.

कुठल्या देशात कसली पिन

जगभरातल्या पिनांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली आहेत. आपल्याकडं घरात जी तीन गोल पायांची पिन असते ती टाइप डी. एसी, गिझरला लागणारी तिची मोठी बहीण टाइप एम. आणि मोबाइलची दोन गोल पायांची पिन टाइप सी सारखी. आपली तीन पायांची पिन ही मुळात इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची आहे. त्यांनी स्वतः १९४७ साली नवीन चौकोनी पायांच्या पिनेचं मानक आणलं आणि जुनी हळूहळू सोडून दिली. आपण मात्र जुनीच पुढं चालू ठेवली. त्यामुळं आज लंडनमध्ये आपली पिन बसत नाही.

• दुबई, अबुधाबी, कतार, ओमान, बहारीन, कुवेत: टाइप जी, तीन चौकोनी जाड पाय. व्होल्टेज आपल्यासारखंच. सौदीतही टाइप जी आणि २३० व्होल्ट, फक्त तिथं ६० हर्ट्झ.

• इंग्लंड, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग: टाइप जी. आखाताचा ॲडॅप्टर इथंही चालतो.

• जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन: टाइप एफ. फ्रान्स, पोलंड: टाइप ई. दोन गोल भोकं, व्होल्टेज २३०.

• इटली: टाइप एल आणि एफ. स्वित्झर्लंड: टाइप जे. दोन्हीकडं बारीक दोन पायांची युरोपियन पिन बसते.

• दक्षिण कोरिया: टाइप एफ, २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

• अमेरिका, कॅनडा: टाइप ए (दोन चपटे पाय) आणि टाइप बी (दोन चपटे, एक गोल). १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

• जपान: टाइप ए, १०० व्होल्ट. जुन्या इमारतींत तिसऱ्या पायाला जागाच नसते.

• ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: टाइप आय, तिरके चपटे पाय, २३० व्होल्ट. चीनमध्ये टाइप ए आणि टाइप आय, २२० व्होल्ट.

• नेपाळ: आपल्यासारख्याच पिना. श्रीलंकेत आता टाइप जी हे मानक आहे, जुन्या ठिकाणी आपली टाइप डी सापडते.

रांजणगावच्या पाट्या आठवल्या तरी हा नकाशा लक्षात राहतो. एलजी कोरियाची, हायर चीनची, व्हर्लपूल अमेरिकेची, फियाट इटलीची. एकाच एमआयडीसीच्या रस्त्यावर चार देश, आणि चौघांच्या घरी भिंतीतलं सॉकेट वेगळं.

युरोपात जाणाऱ्यांना एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या चार्जरचे दोन गोल पाय तिथल्या भोकात बहुधा बसतात, पण जर्मनीतलं सॉकेट भिंतीत आत खोलगट वाटीसारखं असतं. चार्जर अंगानं जाड असेल, तर तो वाटीच्या कडेलाच अडतो आणि पाय आत पोचतच नाहीत. म्हणून ‘जर्मनीत आपलीच पिन चालते’ असं ऐकलं असलं, तरी एक छोटा ॲडॅप्टर बरोबर असू द्या.

आणखी एक. अमेरिकेत आणि युरोपात सॉकेटशेजारी बटण नसतं. बटण शोधत बसू नका, पिन खोचली की वीज चालू. हॉटेलमध्ये मात्र दाराजवळच्या खाचेत कार्ड ठेवल्यावरच खोलीची वीज चालू होते, आणि कार्ड काढून बाहेर गेलात की कित्येक ठिकाणी चार्जिंगही बंद पडतं. रात्री झोपताना चार्जिंगला लावलेलं बरं.

पेन खुपसायचा जुगाड नको

दुबईत आणि लंडनमध्ये एक जुगाड फार चालतो. टाइप जी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झाकण असतं. वरचा लांब अर्थिंगचा पाय आत गेला की तो ते झाकण उघडतो, आणि मगच बाकीचे दोन पाय आत जातात. लहान मुलांनी खिळा-तार घालू नये म्हणून ही सोय आहे. आपली पोरं काय करतात? वरच्या भोकात पेन खुपसतात, झाकण उघडतं, आणि दोन पायांचा चार्जर आत दाबतात.

चार्ज होतो, खोटं नाही. पण आपले गोल पाय त्या चौकोनी खाचेत सैल बसतात. सैल जोड म्हणजे ठिणगी आणि उष्णता. शिवाय तिथल्या पिनेत स्वतःचा फ्यूज असतो, तोही या जुगाडात वगळला जातो. कामगारांच्या खोलीत एका बोर्डावर सहा-सात फोन लागलेले असतात, गाद्या शेजारीच असतात. तिथं हा जुगाड सगळ्यांना महागात पडू शकतो. ॲडॅप्टर दोन-तीनशे रुपयांत येतो.

ब्रिटनमधल्या बाथरूममध्ये दाढीच्या मशीनसाठी दोन पायांचं एक सॉकेट असतं. ते फार थोड्या वॉटचं असतं, तिथं फोन लावू नका.

लॅपटॉपचा चार्जर तीन पायांचा असतो, कारण त्याला अर्थिंग लागतं. स्वस्त ॲडॅप्टरमध्ये बऱ्याचदा अर्थिंगचा पाय नुसता प्लॅस्टिकचा असतो. मग धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं. त्यावर सोपा उपाय आहे. लॅपटॉपच्या डबीला भिंतीकडून येणारी वायर वेगळी काढता येते. शिकायला किंवा नोकरीला वर्षभरासाठी जाणार असाल, तर तिथं पोचल्यावर त्या देशाची तेवढी वायर विकत घ्या. ॲडॅप्टरची गरजच उरत नाही.

विमानात चार्जिंग

आपल्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट विमानं मोजकीच, त्यामुळं बरेच जण मुंबई गाठतात. शिरूरहून गाडीनं किंवा दौंडहून रेल्वेनं मुंबई, मग तीन तास आधी विमानतळ, मग विमान. घरातून निघाल्यापासून तिकडं उतरेपर्यंत सहज वीस-चोवीस तास होतात. फोनचं नियोजन घरापासूनच करावं लागतं.

मोठ्या विमानांत सीटखाली किंवा शेजारी सॉकेट असतं. ते बहुधा असं बनवलेलं असतं, की वेगवेगळ्या देशांच्या पिना त्यातच बसतात. तिथं साधारण ११० व्होल्ट वीज असते, आणि एका सीटला थोडेच वॉट मिळतात. फोन, टॅब्लेट आरामात होतो. मोठा गेमिंग लॅपटॉप लावला तर सॉकेट आपोआप बंद पडू शकतं. समोरच्या स्क्रीनखालचा यूएसबी पॉइंट बहुतेक वेळा हळू चार्ज करतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, चार्जिंग लवकर होतं.

विमानतळावरच्या यूएसबी खाचेत थेट केबल लावण्यापेक्षा स्वतःचा चार्जर सॉकेटला लावा. यूएसबीमधून वीज जाते तसा डेटाही जातो. लावलीच आणि फोननं ‘या उपकरणावर विश्वास ठेवू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा.

पॉवर बँकेचे नियम: इथं चूक चालत नाही

पॉवर बँक, सुटी बॅटरी कधीही मोठ्या, चेक-इन बॅगेत टाकायची नाही. ती हातातल्या बॅगेतच. लिथियम बॅटरीला आग लागली तर केबिनमध्ये लगेच दिसते आणि विझवता येते. खाली सामानाच्या कप्प्यात ती कुणाला दिसणार?

मर्यादा वॉट-अवरमध्ये असते: १०० वॉट-अवरपर्यंत साधारणपणे चालते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर बंदी. तुमच्या पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असेल तर हिशेब सोपा आहे: एमएएचला ३.७ नं गुणा आणि १००० नं भागा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. २०,००० म्हणजे ७४. २७,००० म्हणजे ९९.९. ३०,००० म्हणजे १११, म्हणजे मर्यादा ओलांडली. हा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून ठेवली जाऊ शकते.

२०२५ पासून नियम आणखी कडक झालेत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आतले सगळे १७६ जण बाहेर पडले. तपासात बोट पॉवर बँकेकडं गेलं. त्यानंतर १ मार्चपासून कोरियानं पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, ती स्वतःजवळच ठेवायची. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेनं फोन चार्ज करायला बंदी घातली. एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून तेच केलं, शिवाय एका प्रवाशाला एकच पॉवर बँक. चीनमध्ये देशांतर्गत विमानात बसायचं असेल, तर २८ जून २०२५ पासून पॉवर बँकेवर तिथलं ‘थ्री-सी’ चिन्ह हवं. आपल्याकडं विकत घेतलेल्या पॉवर बँकेवर ते नसण्याचीच शक्यता जास्त. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढलेल्या कंपनीच्या वेबसाइटवर निघायच्या आठवड्यात एकदा बघाच.

आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागं-पुढं करू नका. फोन चेपला तर बॅटरी पेटू शकते. एअर होस्टेसला बोलवा.

विकत घेताना

चार्जर किंवा पॉवर बँक घेताना त्यावर ‘आर’ हे अक्षर आणि पुढं आठ आकडे आहेत का बघा. हा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. ट्रॅव्हल ॲडॅप्टर हातात घेऊन पिन घालून बघा, सैल लागला तर परत द्या.

यूएसबी-सी आल्यामुळं सामान कमी झालंय. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं आहे. म्हणजे केबल विसरलात तरी तिथं कुणाकडंही मिळेल. दोन-तीन खाचांचा एक चांगला चार्जर घेतला तर फोन, इअरबड्स, कधी लॅपटॉपही एकाच ॲडॅप्टरवर भागतं. घरचे चौघे निघालात तर प्रत्येकाला ॲडॅप्टर घेण्यापेक्षा एक ॲडॅप्टर आणि आपला एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. त्यावर फक्त चार्जर लावायचे, तापणारी कुठलीही वस्तू नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

• प्रत्येक चार्जरवरची इनपुटची ओळ वाचली?

• जिथं उतरणार आणि जिथं विमान बदलणार, दोन्ही देशांची पिन बघितली?

• चार्जर, केबल, ॲडॅप्टर आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवले? मोठी बॅग उशिरा आली तरी फोन चालू राहील.

• पॉवर बँकेवरचा आकडा दिसतोय आणि १०० वॉट-अवरच्या आत आहे?

• राहण्याचा पत्ता आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवले?

हा शेवटचा मुद्दा आईवडिलांसाठी तर नक्की करा. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहा.